हंगामापूर्वीचा पहिला क्रमांक : अंदाज, अपेक्षा आणि प्रत्यक्ष खेळ



परीक्षेच्या आधीच निकाल लागला तर? म्हणजे एकही पेपर झालेला नाही, आणि नोटीस बोर्डावर यादी लागली की यंदा पहिला अमुक, दुसरी तमुक! तुम्ही म्हणाल, "सर, असं कुठे असतं का?" असतं. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलमध्ये दरवर्षी हेच होतं. हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो, पण ऑक्टोबरमध्येच पहिल्या २५ संघांची यादी जाहीर झालेली असते. आज आपण या यादीतल्या एका प्रसिद्ध फसलेल्या अंदाजाचा अभ्यास करणार आहोत. धडा खेळाचा वाटेल, पण त्यात थोडं गणित आहे, थोडं मानसशास्त्र आहे, आणि शेवटी थोडं आपल्या घरातलंही आहे.

यादी तयार कशी होते?

सर्वांत जुनी आणि मानाची यादी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची. देशभरातले साठेक क्रीडा पत्रकार आपापली २५ संघांची क्रमवारी पाठवतात. पहिल्या क्रमांकाला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं करत पंचविसाव्याला १ गुण. सगळ्यांचे गुण एकत्र केले की यादी तयार. हंगाम सुरू झाल्यावर दर आठवड्याला ती नव्याने निघते.

आता विचार करा. सामने सुरू झाल्यावर पत्रकारांकडे निकाल असतात. पण ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडे काय असतं? साधारण चार गोष्टी :

१. गेल्या हंगामात संघ कसा खेळला.
२. त्यातले किती खेळाडू परत आले. कॉलेजचा खेळ असल्याने काही पदवी घेऊन जातात, काही व्यावसायिक होतात, काही दुसऱ्या विद्यापीठात जातात.
३. नवीन कोण आले.
४. प्रशिक्षक कोण.

चारही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, यात शंका नाही. मग चूक कुठे होते? चला, उदाहरण बघू.

नॉर्थ कॅरोलायनाची गोष्ट

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ म्हणजे या खेळातलं मोठं घराणं. मायकेल जॉर्डन याच संघातून खेळला. २०२१ साली तिथे ह्युबर्ट डेव्हिस हे नवे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांचा पहिला हंगाम, २०२१-२२, बराच काळ साधाच चालला होता. फेब्रुवारीत घरच्या मैदानावर पिट्सबर्गसारख्या कमकुवत संघाकडून ते हरले, तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेत जागा तरी मिळेल का, अशी चर्चा होती.

जागा मिळाली. एनसीएएच्या या स्पर्धेत तेव्हा ६८ संघ होते, आणि हरला की घरी. नॉर्थ कॅरोलायनाला आठवं मानांकन मिळालं होतं, म्हणजे फार अपेक्षा नव्हतीच. पण पुढे नवलच घडलं! त्यांनी मार्केटला हरवलं, आदल्या वर्षीचा विजेता बेलर जादा वेळेत गारद केला, मग यूसीएलए, मग सेंट पीटर्स. उपांत्य सामन्यात समोर आला शेजारचा कट्टर प्रतिस्पर्धी ड्यूक. ड्यूकचे महान प्रशिक्षक माइक शशेवस्की त्या वर्षी निवृत्त होणार होते. नॉर्थ कॅरोलायनाने ८१-७७ असा विजय मिळवला आणि शशेवस्कींचा तो शेवटचा सामना ठरला.

४ एप्रिल २०२२ ला न्यू ऑर्लीन्समध्ये अंतिम सामना. मध्यंतराला नॉर्थ कॅरोलायना ४०-२५ असा १५ गुणांनी पुढे! तरीही कॅन्सस ७२-६९ ने जिंकला. हरले, पण लोकांच्या मनात काय राहिलं? "थोडक्यात हुकलं. पुढच्या वर्षी हेच जिंकणार."

त्यात सुरुवातीच्या पाच खेळाडूंपैकी चार जण परत आले : आर्मांडो बेकॉट, आर. जे. डेव्हिस, केलेब लव्ह आणि लीकी ब्लॅक. मग काय! ऑक्टोबर २०२२ च्या यादीत ६२ पैकी ४७ पत्रकारांनी नॉर्थ कॅरोलायनाला पहिला क्रमांक दिला.

मग झालं काय?

पहिले पाच सामने जिंकले. पण नीट पाहणाऱ्याला तेव्हाच शंका यावी. गार्डनर-वेबसारख्या लहान विद्यापीठाविरुद्ध विजय फक्त सहा गुणांचा होता. तरी यादीत क्रमांक पहिलाच राहिला, कारण जिंकणाऱ्या पहिल्या नंबरला खाली कोण आणणार?

नोव्हेंबरच्या शेवटी पोर्टलंड शहरात एक स्पर्धा होती. तिथे आयोवा स्टेटने त्यांना ७०-६५ असं हरवलं. दोन दिवसांनी अलाबामाविरुद्धचा सामना चार वेळा जादा वेळेत गेला. नेहमीचा सामना ४० मिनिटांचा, त्यात पाच-पाच मिनिटांचे चार डाव, म्हणजे तब्बल ६० मिनिटं! निकाल १०३-१०१, आणि नॉर्थ कॅरोलायना पुन्हा पराभूत. मग इंडियाना, मग व्हर्जिनिया टेक. ओळीने चार पराभव. यादीत पहिल्यावरून अठराव्या क्रमांकावर, आणि त्याच्या पुढच्याच आठवड्यात यादीच्या बाहेर.

हंगाम संपला तेव्हा हिशेब होता २० विजय, १३ पराभव. ताकदवान संघांविरुद्धच्या सामन्यांचा जो सर्वांत वरचा गट निवड समिती बघते, त्यात १ विजय आणि ९ पराभव. ६८ संघांच्या स्पर्धेत नॉर्थ कॅरोलायनाचं नाव नव्हतं. १९८५ मध्ये ही स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासून हंगामापूर्वी पहिल्या क्रमांकावर असलेला संघ स्पर्धेलाच मुकला, असं पहिल्यांदाच घडलं.

अंदाज का चुकला?

*कारण पहिले : थोड्या सामन्यांवरून मोठा निष्कर्ष.* आकडे मांडून बघू. २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेआधी नॉर्थ कॅरोलायना ३३ सामने खेळली होती. त्यात २४ विजय, ९ पराभव, म्हणजे सुमारे ७३ टक्के. स्पर्धेतले सामने फक्त ६, त्यात ५ विजय. पत्रकारांनी ३३ सामन्यांपेक्षा ६ सामन्यांवर जास्त विश्वास ठेवला. का? कारण ते सामने शेवटचे होते, मोठ्या मंचावरचे होते, आणि ड्यूकला हरवलं होतं. आठवणीत ठळक राहिलेली गोष्ट आपल्याला खरी वाटते. ती प्रातिनिधिक असतेच असं नाही.

इथे एक संकल्पना शिकून घ्या : सरासरीकडे परतणे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलं यांच्या उंचीचा अभ्यास करताना ती मांडली. खूप उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण बहुधा त्यांच्याइतकी उंच नसतात. परीक्षेतही तेच दिसतं. समजा एका मुलाला पाच चाचण्यांत ६८, ७२, ७०, ६६ आणि ७४ गुण मिळाले. सरासरी ७०. सहाव्या चाचणीत एकदम ९१! मग सातवीत किती मिळतील? घरचे म्हणतील ९१ च्या वर. पण सहा चाचण्यांची सरासरी येते ७३.५. शहाणा अंदाज त्याच्या आसपास असेल. मुलाने खरंच अभ्यासाची पद्धत बदलली असेल तर थोडा वर. ९१ मध्ये त्याची मेहनत होती, आणि नेमके वाचलेले प्रश्न येण्याचा योगही होता. मेहनत पुढे बरोबर येते, योग येतोच असं नाही.

*कारण दुसरे : गेलेल्या एका खेळाडूची किंमत.* फक्त सरासरीकडे परतले असते, तर विजय ७३-७४ टक्क्यांच्या आसपास राहिले असते. ते आले ६१ टक्क्यांवर. म्हणजे आणखी काहीतरी बिघडलं होतं. "पाचातले चार परत आले" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं, पण पाचवा कोण होता? ब्रेडी मॅनेक. उंच खेळाडू असून लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, तो दहापैकी चार शॉट बास्केटमध्ये घालायचा. त्याच्यावर लक्ष ठेवायला प्रतिस्पर्ध्याला बाहेर यावं लागायचं, आणि मग आत बेकॉटला जागा मिळायची. त्याच्या जागी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून पीट नॅन्स आला. खेळाडू चांगलाच, पण जुळणी तशी झाली नाही. संघाची तीन गुणांच्या शॉटची अचूकता सुमारे ३६ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर घसरली. केलेब लव्हची तर ३० च्याही खाली गेली. संघ म्हणजे बेरीज नव्हे. पोळपाटाचा एक पाय काढला तर "तीनातले दोन शिल्लक आहेत" म्हणून पोळी लाटता येत नाही!

*कारण तिसरे : अपेक्षेचं ओझं.* याचं मोजमाप करता येत नाही, म्हणून जपून बोलू. पण एवढं नक्की, की आठव्या मानांकनाच्या संघाकडून कुणाला काही नको असतं, आणि पहिल्या क्रमांकाच्या संघाविरुद्ध समोरचा प्रत्येक जण जीव तोडून खेळतो. आदल्या वर्षी जिंकणं ही बातमी होती, आता हरणं ही बातमी झाली.

नाण्याची दुसरी बाजू : कनेक्टिकट

आता गंमत ऐका. पोर्टलंडच्या त्याच स्पर्धेत कनेक्टिकट विद्यापीठाचा संघही होता. ज्या आयोवा स्टेट आणि अलाबामाकडून नॉर्थ कॅरोलायना हरली, त्या दोघांनाही कनेक्टिकटने सहज हरवलं आणि स्पर्धा जिंकली. ऑक्टोबरच्या यादीत हा संघ कितवा होता? पहिल्या २५ मध्ये नव्हताच!

कारण उलटं होतं. मार्च २०२२ मध्ये कनेक्टिकट राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत न्यू मेक्सिको स्टेटकडून हरला होता, आणि अनेक मुख्य खेळाडू निघून गेले होते. लोकांची शेवटची आठवण वाईट, म्हणून अंदाजही वाईट. प्रशिक्षक डॅन हर्ली यांनी अडामा सनोगो, जॉर्डन हॉकिन्स, आंद्रे जॅक्सन या जुन्या खेळाडूंभोवती नवे खेळाडू नेमके निवडून बसवले. वाट सरळ नव्हती. ओळीने १४ विजय मिळवल्यावर पुढच्या आठ सामन्यांत ते सहा हरले. तरी एप्रिल २०२३ मध्ये अंतिम सामन्यात सॅन डिएगो स्टेटला ७६-५९ असं हरवून विजेतेपद त्यांनीच नेलं. राष्ट्रीय स्पर्धेतले सहाही सामने त्यांनी दहापेक्षा जास्त गुणांनी जिंकले.

मग अंदाज करूच नये का?

तसं नाही. या यादीतले वरचे संघ बहुतेक वर्षी चांगलेच खेळतात, म्हणून तर नॉर्थ कॅरोलायनाचं उदाहरण अपवाद म्हणून लक्षात राहिलं. अंदाज करावा, पण पेन्सिलने लिहावा. नवा पुरावा आला की खोडून दुरुस्त करायची लाज वाटू नये. आणि महत्त्वाचं म्हणजे अंदाज आणि अपेक्षा यांत फरक करावा. अंदाज म्हणजे "असं होईल असं वाटतं." अपेक्षा म्हणजे "असं व्हायलाच पाहिजे." पहिला चुकला तर आपण शिकतो. दुसरी मोडली तर आपण समोरच्यावर रागावतो.

इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाला सहामाहीत गणितात पैकीच्या पैकी मिळाले. मी भर वर्गात म्हणालो, "हा आपल्या शाळेचं नाव काढणार. बोर्डात पहिला!" मुलं टाळ्या वाजवत होती, तो मात्र खाली बघत होता. पुढच्या चाचणीत ८२ आले. ८२ म्हणजे उत्तमच की! पण तो पेपर हातात घेऊन रडला. मी मारलं नव्हतं, रागावलोही नव्हतो. फक्त त्याच्या कपाळावर एक नंबर चिकटवून ठेवला होता. त्या दिवसापासून मी वर्गात कुणाचा नंबर आधी सांगत नाही.

नॉर्थ कॅरोलायनाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. पुढच्या ऑक्टोबरमध्ये यादीत त्यांचा क्रमांक होता एकोणिसावा. त्या हंगामात राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना अव्वल मानांकन मिळालं, आणि आर. जे. डेव्हिस त्यांच्या गटातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका फसलेल्या वर्षाने ना संघ संपला, ना खेळाडू.

लक्षात ठेवा

- थोड्या पुराव्यावरून मोठा निष्कर्ष काढू नये.
- शेवटची आठवण म्हणजे पूर्ण इतिहास नव्हे.
- किती जण उरले यासोबत कोण गेलं हेही विचारावं.
- अंदाज बदलता येतो, म्हणूनच तो उपयोगी असतो.

स्वाध्याय

१. तीन पत्रकारांपैकी एकाने एका संघाला पहिला, दुसऱ्याने चौथा क्रमांक दिला आणि तिसऱ्याने यादीतच घेतलं नाही. त्या संघाला एकूण किती गुण मिळतील? (उत्तर : २५ + २२ + ० = ४७)

२. नॉर्थ कॅरोलायनाने २०२१-२२ च्या पूर्ण हंगामात ३९ पैकी २९ सामने जिंकले. टक्केवारी काढा. पुढच्या वर्षीच्या ३३ पैकी २० विजयांशी तिची तुलना करा.

३. "अंदाज" आणि "अपेक्षा" या शब्दांचा वाक्यात उपयोग करून फरक स्पष्ट करा.

४. तुमच्याबद्दल कुणीतरी आधीच केलेला एखादा अंदाज आठवा. तो खरा ठरला की खोटा? तेव्हा तुम्हाला काय वाटलं? दहा ओळी लिहा. हे उत्तर मला दाखवलं नाही तरी चालेल, पण लिहा नक्की.