एफडी मोडण्याआधी

नेरूळ, १२ जानेवारी

चि. ओंकार,


काल रात्री ताईचा फोन आला. अण्णांनी तुझ्या नावाने ठेवलेली एफडी मोडून तू जर्मन दुर्बीण घेणार आहेस म्हणे. खरं का? पैसे दिले नसतील तर अजिबात देऊ नकोस.

विकणारा सांगतो, दुर्बीण ‘एहरेनफेल्स’च्या कप्तानाची. बोटीची हकिकत खरी आहे रे, म्हणूनच मला धास्ती वाटते. १९३९ साली युद्ध पेटलं तेव्हा ही जर्मन मालवाहू बोट तटस्थ पोर्तुगीजांच्या मुरगाव बंदरात शिरली आणि तिथेच अडकली. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याच्या इंग्रजांनी तिच्यावर छापा घातला, तेव्हा ती बुडाली. पण ताईने पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. दुर्बिणीवर ‘बीएलसी’ ही तीन अक्षरं आहेत. ती येनाच्या कार्ल झाइस कारखान्याची युद्धकाळातली खूण. माल कुणाचा हे शत्रूला कळू नये म्हणून कारखान्यांना अशी अक्षरं दिली, आणि १९४० च्या आधी ती नव्हती. मग गोव्यात अडकलेल्या बोटीवर ही दुर्बीण पोचली कशी? शिवाय ती ६×३०, जमिनीवरच्या सैनिकाची. बोटीवर रात्रीच्या पहाऱ्याला ७×५० बरी. पन्नासला सातने भाग, डोळ्यापाशी सात मिलिमीटरचा झोत येतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते.

गरुड-स्वस्तिकाला तर भुलूच नकोस. युद्धानंतरच्या रशियन दुर्बिणींवरही तो मागाहून कोरतात. सगळा रंग जुना आणि कोरलेल्या रेषांत धातू चकाकतोय, असं दिसलं की सावध हो. पुढच्या भिंगातून टॉर्च मार. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत प्रिझमवर बुरशीची जाळी धरते. मग लांबच्या विजेच्या खांबाकडे दोन्ही डोळ्यांनी बघ. एकाचे दोन खांब दिसले तर आतलं प्रिझम हललेलं आहे. हे सगळं बघ, पण पैसे देऊ नकोस.

रागावलो म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या वयाचा असताना मीही दर शुक्रवारी चोरबाजारात मटण स्ट्रीटवर असायचो, शिक्के आणि नंबर वहीत उतरवत. अण्णांना कर्नाळ्याला जाऊन स्वर्गीय नर्तक पक्षी बघायचा होता. ‘पुढच्या रविवारी नेतो’ म्हणत राहिलो, तोवर त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. ते आजही सलतं.

तुझी दुर्बीण चांगलीही निघेल. बोटीची गोष्ट वजा करून, एक जुनी झाइस म्हणून तिचा भाव करू. मी येतो तुझ्याबरोबर. नाहीच जमलं तर अण्णांची दुर्बीण माझ्या कपाटात सिलिका जेलच्या डब्यात आहे, ती तू घे. ती तुझ्याकडेच यावी असं मला फार दिवस वाटतंय. इथे ‘चाणक्य’ नौकाप्रशिक्षण संस्थेच्या मागे फ्लेमिंगो उतरलेत. रविवारी सकाळी ये, मामी घावन करणार आहे. आणि तोवर एफडीला हात लावू नकोस, बाळा.

तुझा,
मामा