तांबड्या रक्तपेशी आणि लॅक्टेट

जोराने धावताना पायांच्या स्नायूंत ग्लुकोजचे विघटन झपाट्याने होते व तयार झालेले लॅक्टेट रक्तात उतरते. विश्रांतीच्या वेळी रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे सुमारे १ मिलिमोल असते. अतिश्रमाने ते १५ च्याही वर जाऊ शकते. यातील काही भाग तांबड्या पेशी आपल्या आवरणातील वाहक प्रथिनांच्या साहाय्याने आत घेतात. त्यामुळे रक्तद्रवावरील भार हलका होतो. या पेशींत तंतुकणिका नसल्याने त्यांना मात्र ते जाळता येत नाही. उलट त्या स्वतःही लॅक्टेटच निर्माण करतात. वाहिलेला माल इतरांच्या उपयोगी पडतो. हृदय ते इंधन म्हणून वापरते, तर यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. तेव्हा लॅक्टेट म्हणजे निव्वळ टाकाऊ पदार्थ नव्हे. व्यायामानंतर तास-दीड तासात त्याचे प्रमाण पूर्ववत होते. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचे खापर त्याच्या माथी फोडणे योग्य नाही.