रांजणातले खडे (गीता ९.३०)



आजचा श्लोक नवव्या अध्यायातला तिसावा. साध्या शब्दांत अर्थ असा, की माणूस कितीही दुराचारी असला, तरी तो बाकी सगळं सोडून मलाच भजू लागला तर त्याला साधूच समजावं, कारण त्याचा निश्चय नीट झालेला आहे.

मागच्या आठवड्यात चिमूरला घरी हा श्लोक वाचत होतो. माझा मामेभाऊ, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मोबाइल खाली ठेवून म्हणाला, "दादा, मंग अरुण गवळीले बी साधू म्हणाचं का? त्यानं जेलात गांधीजीची परीक्षा पास केली म्हणते."

हसू नका. प्रश्न बरोबर आहे. त्याच्या मोबाइलवर 'डॅडी'ची रील चालू होती, पण त्याला रागवायचं तोंड मला नव्हतं. नागपूरला कॉलेजात असताना माझ्याही गाडीच्या मागे हेच नाव चिकटवलेलं होतं. का, तर भारी वाटायचं.

परीक्षेची गोष्ट खरी आहे. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात गांधीविचारांची परीक्षा झाली, त्यात गवळीला ८० पैकी ७४ गुण मिळाले. २०१८ मध्ये पेपरात ही बातमी मोठी झाली होती. (याच नागपूरच्या तुरुंगात १९४२ च्या आंदोलनानंतर आपल्या तुकडोजी महाराजांनाही ठेवलं होतं. भिंती त्याच, आत येणारा माणूस वेगळा.)

पण तो आत का होता, हे भावाला धड माहीत नव्हतं. म्हणून आधी तेच सांगतो.

भायखळ्याची दगडी चाळ, आजूबाजूला कापडगिरण्या. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली कितीतरी पोरं रिकामी झाली. रामा नाईक, बाबू रेशीम आणि गवळी यांची टोळी तिथलीच. १९८७ मध्ये बाबू रेशीमला पोलीस कोठडीत घुसून मारलं, १९८८ मध्ये रामा नाईक पोलिसांच्या गोळीनं गेला आणि टोळी गवळीकडे आली. मग दाऊदच्या टोळीशी वैर. १२ सप्टेंबर १९९२ ला जे. जे. रुग्णालयात दाऊदच्या माणसांनी गवळीच्या एका शूटरला खाटेवरच मारलं. त्या गोळीबारात पहाऱ्यावरचे दोन पोलीस शिपाईही गेले. ते ना या टोळीचे, ना त्या टोळीचे. ड्युटी लागली म्हणून उभे होते.

गवळी कित्येक खटल्यांतून पुराव्याअभावी सुटला. १९९७ मध्ये त्यानं अखिल भारतीय सेना नावाचा पक्ष काढला, २००४ मध्ये चिंचपोकळीतून आमदार झाला. चाळीतली नवरात्र जोरात व्हायची, डोक्यावर पांढरी टोपी आलेली होती. आणि २ मार्च २००७ ला घाटकोपरच्या असल्फा भागात शिवसेनेचे नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांना त्यांच्या राहत्या घरी गोळी घालण्यात आली. महिनाभरापूर्वीच ते निवडून आले होते. सुपारी ३० लाखांची होती. ऑगस्ट २०१२ मध्ये मुंबईच्या विशेष मोक्का न्यायालयानं गवळीला जन्मठेप दिली, डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं ती कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला आणि तो बाहेर आला. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता श्लोकाकडे. नवरात्र आधीपण होतीच ना? म्हणजे नुसत्या भजन-पूजनानं माणूस साधू ठरत असता, तर तो गोळी सुटण्याआधीच ठरला असता. भगवंतानं कारण वेगळं दिलं आहे. तिथे शब्द आहे 'व्यवसित', म्हणजे ज्याचं ठरलं तो. आत काय ठरलं, ते दिसणारा एकच. ७४ गुणांवरून ते कळत नाही, आणि जन्मठेपेवरून त्या माणसाचं कधीच ठरणार नाही असंही मला म्हणता येत नाही. गवळीच्या मनात काय आहे, हा माझा विषयच नाही. खूप वेळानं हे माझ्या डोक्यात शिरलं.

माझा विषय वाल्याचा आहे. लहानपणी आजी सांगायची ती गोष्ट आठवा. वाल्या एक माणूस मारला की रांजणात एक खडा टाकायचा. आपण ही गोष्ट सांगताना नारद, रामनाम, वारूळ एवढ्यावर धावत जातो. पण त्या लुटारूनं प्रत्येकाचा खडा ठेवला होता, हे केवढं आहे! आणि घरच्यांना विचारलं, तेव्हा खाणारे सगळे होते, पापाचा वाटेकरी एकही नव्हता.

आपल्या भागात गावोगावी विहार आहेत, तिथे अंगुलिमालाची गोष्ट कोणीही सांगेल. तो भिक्खू झाला, तरी भिक्षेला गेल्यावर लोकांनी मारलेल्या दगडांनी त्याचं डोकं फुटलंच. बुद्धांनी दगड थांबवले नाहीत. सोस म्हणाले, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. दोन्ही परंपरांत क्षमा आहे, पण मेलेल्यांना पुसून कुठेच नाही.

मी भावाला एवढंच विचारलं, "ज्याच्या खुनासाठी शिक्षा झाली, त्याचं नाव सांग."

त्याला येईना. 'डॅडी'चे डायलॉग पाठ, दोन सिनेमे पाहिलेले, तारखा पाठ, पण ते नाव नाही. खरं सांगतो, स्टिकर लावला तेव्हा मलाही माहीत नव्हतं. म्हणजे खडे टाकायलासुद्धा आपल्याकडे रांजण नाही, आणि निघालो साधू कोण ते ठरवायला.

संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला तो आला. मौनाच्या वेळी डोळे मिटून बराच वेळ बसला, उठताना म्हणाला, "जामसांडेकर. कमलाकर." रील ठेवली का काढली, ते मी विचारलं नाही.

उद्या एकतिसावा श्लोक. त्यात असा माणूस लवकर धर्मात्मा होतो असं म्हटलंय. त्या 'लवकर' शब्दावर मला बरंच बोलायचं आहे.