तिकिटावरचं एक अक्षर

मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो आणि परत, एवढी लांबलचक फेरी झाली आणि खात्यात माइल्स जमा झाले शून्य. फोनवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "सर, तुमचा बुकिंग क्लास पात्र नाही." तिकीट ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कने काढलेलं, सगळ्यात स्वस्त इकॉनॉमी. माझं खातं एका विमान कंपनीच्या फ्रीक्वेंट फ्लायर क्लबात, विमान तिच्या भागीदाराचं. गोल्ड कार्ड त्या वर्षी हुकलं ते हुकलंच.

ई-तिकिटावर ‘क्लास’पुढे वाय, एम, के, एल असं एक अक्षर असतं. खुर्ची तीच, जेवण तेच, पण इकॉनॉमी अनेक भावांनी विकली जाते आणि अक्षर ही त्या भावाची खूण. स्वतःच्या विमानांत हल्ली बरेच क्लब तिकिटाच्या पैशांवर पॉइंट देतात. भागीदाराच्या विमानात मात्र बहुधा अंतर आणि अक्षराचा टक्का: कुठे शंभर, कुठे पन्नास, कुठे पंचवीस, स्वस्तातल्या अक्षरांना अनेकदा काहीच नाही. हा तक्ता प्रत्येक क्लब प्रत्येक भागीदारासाठी वेगळा लावतो. म्हणजे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या युतीतलं एकच तिकीट एका क्लबात भरभरून देतं आणि दुसऱ्यात ठणठणगोपाळ. उड्डाण जमा होतं एकाच ठिकाणी, तेव्हा तक्ता आधी बघायचा, पैसे मग भरायचे. ट्रॅव्हल डेस्कला अक्षर विचारायला लाजू नये. त्यांना ते समोरच दिसत असतं.

दुसरी मेख विमानाच्या मालकीची. फ्लाइट नंबर एका कंपनीचा, उडवणारी दुसरीच, असं कोडशेअरमध्ये सर्रास असतं. ‘ऑपरेटेड बाय’ची बारीक ओळ वाचल्याशिवाय काही गृहीत धरू नका. एकाच घरातल्या कंपन्याही फसवतात. एअर इंडिया २०१४पासून स्टार अलायन्समध्ये आहे, एअर इंडिया एक्स्प्रेस नाही.

आपल्याकडचा खास घोळ नावाचा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, क्लबात फक्त नाव-आडनाव, किंवा लग्नाआधीचं आडनाव. तिकिटाशी जुळलं नाही की माइल्स लटकतात. बोर्डिंग पास माइल्स जमा होईपर्यंत जपा, निदान फोटो तरी. राहिलेल्या माइल्सचा दावा करायला मुदत असते आणि तिकीट नंबर मागतातच.

भागीदारांवरच सगळी मदार ठेवायची तर आणखी एक अट तपासा. युतीतल्याच अमेरिकन युनायटेड कंपनीच्या क्लबात गोल्डसारख्या स्टेटससाठी निदान चार उड्डाणं त्यांच्याच विमानांची लागतात. गंमत म्हणजे युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड सदस्याला निव्वळ अमेरिकेतल्या प्रवासात युनायटेडच्या लाउंजमध्ये प्रवेश नाही. स्टार अलायन्समधल्या दुसऱ्या कंपनीचं गोल्ड कार्ड दाखवणारा मात्र आत जातो. म्हणून अमेरिकेत न्यू जर्सी, टेक्सासला नोकरीसाठी निघालेल्यांनी खातं कुठे उघडायचं हे व्हिसाच्या कागदांबरोबरच ठरवावं.