नाताळचे कार्ड घरीच बनवू या



आगमनकाळ सुरू झाला की घरोघरी लगबग सुरू होते. घराला रंग, गोठ्यासाठी गवत, चांदणीचा कंदील, करंज्या आणि फुग्यांचा बेत. या तयारीतून एक गोष्ट मात्र हळूहळू मागे पडली, ती म्हणजे नाताळचे कार्ड. पूर्वी डिसेंबरात पोस्टमनच्या पिशवीत कार्डांचा गठ्ठा असायचा आणि दिवाणखान्यात दोरी बांधून ती कार्डे टांगली जायची. आज शुभेच्छा मोबाइलवर येतात आणि एकच संदेश शंभर जणांना एकाच वेळी जातो. त्यात गैर काही नाही. परंतु ज्याला आपली खरोखर गरज आहे अशा माणसासाठी हाताने केलेले एक कार्ड अजूनही फार मोठे काम करते. म्हणून या लेखात ठसे, शाई आणि डाय यांच्या साहाय्याने कार्ड कसे बनवावे, ते चार रविवारांच्या क्रमाने पाहू या.

थोडासा इतिहास

नाताळचे पहिले छापील कार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघाले. हेन्री कोल या गृहस्थांनी ते जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतले. त्याआधी तीन वर्षे, म्हणजे १८४० साली, इंग्लंडमध्ये एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली होती आणि पत्रव्यवहार खूप वाढला होता. प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहिणे कोल यांना जमेना, म्हणून त्यांनी ही युक्ती केली. कार्डाच्या सुमारे एक हजार प्रती निघाल्या आणि एक कार्ड एका शिलिंगला विकले गेले. त्या काळी ही किंमत सामान्य माणसाला परवडणारी नव्हती.

त्या कार्डावर मधोमध एक कुटुंब मेजवानीला बसले आहे. एका लहान मुलाच्या ओठाला द्राक्षरसाचा पेला लावलेला असल्याने त्या वेळी बरीच टीकाही झाली. पण दोन्ही बाजूंची चित्रे आपण लक्षात ठेवावीत अशी आहेत. एका बाजूला भुकेल्यांना अन्न दिले जात आहे आणि दुसऱ्या बाजूला उघड्यांना वस्त्र. मत्तयच्या शुभवर्तमानातील २५ वा अध्याय इथे आठवल्याशिवाय राहत नाही. आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्या. चित्राच्या रेषा यंत्रावर छापलेल्या होत्या, पण रंग हाताने भरले होते. शिवाय कार्ड कोणाला व कोणाकडून, ही नावे हाताने लिहिण्यासाठी त्यावर जागा ठेवली होती. ठसा सर्वांसाठी एकच, पण नाव प्रत्येकाचे वेगळे. घरी कार्ड बनवताना आपण हेच करणार आहोत.

पहिला रविवार : नावांची यादी

बहुतेक जण आधी कागद आणि रंग आणतात. आपण आधी वही घेऊ या आणि नावे लिहू या. कुटुंबाने एकत्र बसून दहा-बारा नावे ठरवावीत. त्यापेक्षा जास्त नकोत, नाहीतर काम अर्धवट राहते.

यादीत ही माणसे आहेत का ते पाहावे : आजारपणामुळे किंवा वयामुळे मिस्साला येऊ न शकणारे, या वर्षी ज्यांच्या घरी कोणी देवाघरी गेले ते कुटुंब, नोकरीसाठी परदेशी असलेली मुले, शेजारी भाड्याने राहायला आलेले आणि कोणाला फारसे न ओळखणारे कुटुंब. आणि एक नाव असे, जे लिहिताना हात थोडा अडखळतो. जमिनीच्या किंवा वाटणीच्या वादातून ज्याच्याशी आपले बोलणे थांबले आहे, त्याचे.

परदेशी जाणारी कार्डे याच आठवड्यात तयार करून पोस्टात टाकावीत.

दुसरा रविवार : कागद आणि घडी

कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमचा जाड, गुळगुळीत पण चकचकीत नसलेला कागद घ्यावा. चकचकीत कागदावर शाई लवकर वाळत नाही व पुसली जाते. ए-४ आकाराच्या एका कागदाचे मधोमध आडवे दोन तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याची घडी घातली की सुमारे १०५ बाय १४८ मिलिमीटरचे कार्ड होते. म्हणजे एका कागदात दोन कार्डे. त्याला ११४ बाय १६२ मिलिमीटरचे पाकीट बरोबर बसते.

जाड कागद नुसता दुमडला तर घडीवर तडे जातात. म्हणून पट्टी ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने घडीच्या जागी आधी एक रेघ दाबून ओढावी आणि मग दुमडावे. घडीवरून चमच्याची पाठ फिरवली की ती पक्की बसते.

ठसा थेट कार्डावर उमटवू नये. ९५ बाय १३८ मिलिमीटरचा वेगळा पातळ कागद घ्यावा, त्यावर ठसा उमटवावा आणि चांगला उमटला तरच तो कार्डावर चिकटवावा. चारी बाजूंनी पाच मिलिमीटरची सुंदर किनार आपोआप मिळते. ठसा बिघडला तर लहान कागद वाया जातो, कार्ड वाचते.

तिसरा रविवार : ठसे, शाई आणि डाय

*विकतचे ठसे.* लाकडी मुठीचे रबरी ठसे आणि पारदर्शक ठसे असे दोन प्रकार मिळतात. पारदर्शक ठसा अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवून वापरतात. आरपार दिसत असल्यामुळे तो नेमक्या जागी ठेवता येतो. नव्या पारदर्शक ठशावर शाईचे थेंब जमत असतील तर त्यावरून खोडरबर हलकेच फिरवावे, शाई सारखी धरते. काम झाल्यावर ओल्या फडक्याने ठसे पुसावेत आणि उन्हापासून दूर ठेवावेत.

*घरचे ठसे.* ज्यांना विकतचे ठसे घ्यायचे नाहीत त्यांची अडचण भेंडी दूर करते. भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापला की सहसा पाच पाकळ्यांची चांदणी दिसते. बेथलेहेमच्या ताऱ्यासाठी यापेक्षा स्वस्त ठसा मिळणार नाही! कापल्यावर चिकटपणा पुसून दहा मिनिटे सुकू द्यावी आणि मग स्पंजवरच्या पोस्टर कलरवर टेकवून उमटवावी. धर्मशिक्षणाच्या लहान मुलांना हे सहज जमते.

मोठ्या मुलांनी खोडरबराचा ठसा कोरावा. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने चित्र किंवा 'शुभ नाताळ' ही अक्षरे सरळ लिहावीत. तो कागद पालथा घालून खोडरबरावर घासावा. चित्र रबरावर उलटे उतरते आणि ठसा मारल्यावर पुन्हा सरळ दिसते. रबरावर थेट सरळ लिहून कोरले तर छाप उलटी येते. कोरताना कटरचे पाते रेषेपासून बाहेरच्या बाजूला तिरके धरावे, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो आणि ती तुटत नाही. कटरचे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

*शाई.* डाय-शाई पातळ असते, कागदात मुरते व लगेच वाळते. ('डाय-शाई'तील डाय म्हणजे रंग, कापण्याचा डाय वेगळा.) पिगमेंट शाई दाट असते, कागदावर वरच बसते आणि सावकाश वाळते, पण तिचा रंग उन्हात कमी विटतो. कार्यालयातील जांभळे स्टँप पॅडही चालेल, आगमनकाळाचा रंगच तो! मात्र त्यावर पाण्याचे रंग लावले तर शाई फुटते. अशा ठशात रंगीत पेन्सिलीने रंग भरावेत.

सोनेरी उठावदार अक्षरे हवी असतील तर पिगमेंट शाईने ठसा उमटवून, ती ओली असतानाच त्यावर एम्बॉसिंग पावडर टाकावी, जास्तीची पावडर झटकून परत डबीत भरावी आणि हीट गनने उष्णता द्यावी. पावडर वितळून चमकू लागली की थांबावे. केस वाळवण्याचे यंत्र इथे चालत नाही. त्याची उष्णता कमी पडते आणि वाऱ्याने पावडर उडते.

*ठसा उमटवणे.* मोठा ठसा पॅडवर आपटू नये. ठसा उताणा धरून त्यावर पॅड हलकेच टेकवत जावे. कागदाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवाव्यात. ठसा सरळ ठेवावा, सगळीकडून सारखा दाबावा, न हलवता सरळ वर उचलावा.

*गव्हाणीचे दृश्य.* तीन-चार ठसे एकत्र करून दृश्य बनवण्याची एक पद्धत आहे. जी आकृती सर्वांत पुढे दिसायला हवी, तिचा ठसा सर्वांत आधी मारायचा. म्हणून प्रथम गव्हाणीतील बाळ येशूचा ठसा उमटवावा. तोच ठसा दुसऱ्या पातळ कागदावर उमटवून, रेषेवरून कापून, तो तुकडा बाळावर झाकण म्हणून ठेवावा. मग मरिया माता आणि योसेफ यांचे ठसे मारावेत. जो भाग झाकणावर उमटतो तो कार्डावर येत नाही आणि दोघे बाळाच्या मागे उभे असल्यासारखे दिसतात. त्यांच्यावर झाकणे ठेवून मग मेंढपाळ, गोठा आणि शेवटी तारा. क्रम चुकवून गोठा आधी मारला तर बाळासाठी स्वच्छ जागा उरत नाही. मुलांना हे शिकवताना वेगळे प्रवचन द्यायची गरज नाही, आपल्या डिसेंबर महिन्याचेही असेच असते हे ती स्वतःच ओळखतात.

*डाय.* डाय म्हणजे धारदार कडा असलेला पोलादी साचा. लग्नपत्रिका आणि पुठ्ठ्याची खोकी याच तत्त्वावर कापली जातात. घरगुती डाय पातळ असतात व हाताने फिरवायच्या लहान यंत्रातून काढतात. खाली प्लास्टिकची पाटी, त्यावर कागद, कागदावर धारेची बाजू खाली करून डाय आणि वर दुसरी पाटी, असा थर यंत्राच्या दोन रुळांमधून फिरवला की तारा, देवदूत किंवा मेणबत्तीचा आकार कापून मिळतो. थरांची जाडी यंत्रागणिक वेगळी असते, ती त्याच्या माहितीपत्रकात पाहावी. डाय सरकू नये म्हणून कमी चिकट टेपचा तुकडा लावावा. पाट्या मधूनमधून उलटून वापराव्यात, नाहीतर त्या वाकतात.

यंत्र महाग असते. प्रत्येक घराने ते घेण्याची गरज नाही. चार-पाच कुटुंबांनी मिळून एक घेतले तरी पुरते. ते नसेल तर आकाराचे पंच किंवा साधी कात्रीही पुरेशी आहे. तारा कापून उरलेला कागद टाकून देऊ नये. ताऱ्याच्या आकाराची ती खिडकी कार्डावर लावून मागे पिवळा कागद चिकटवला तर आणखी एक कार्ड तयार होते.

चौथा रविवार : मजकूर आणि पोच

आगमनकाळाचा चौथा आठवडा दर वर्षी पूर्ण सात दिवसांचा नसतो. म्हणून कार्डे या रविवारपूर्वी तयार ठेवावीत आणि आज फक्त लिहावे.

कार्डाची बाहेरची बाजू ठशाने सजते, आतली बाजू आपल्या दोन ओळींनी. सर्वांना एकच वाक्य लिहू नये. आजारी माणसाला 'लवकर बरे व्हा' एवढेच न लिहिता, 'बुधवारी संध्याकाळी भेटायला येतो' असे लिहावे आणि खरेच जावे. ज्या घरी या वर्षी दुःख झाले आहे त्यांना 'आनंदी नाताळ' हे शब्द जड जातात. त्यांना गेलेल्या माणसाचे नाव घेऊन लिहावे : तुमच्या आईची या नाताळात आम्हांला आठवण येते, मिस्सात तिच्यासाठी प्रार्थना करीत आहोत. शोक झालेल्या घरात गेलेल्याचे नाव घ्यायला सगळेच कचरतात, आणि त्या घरातली माणसे तर तेच नाव कोणीतरी घ्यावे म्हणून वाट पाहत असतात.

आणि ते अडखळणारे नाव? तिथे जुना वाद उकरू नये, कोण बरोबर हेही लिहू नये. 'दादा, वहिनी आणि मुलांना नाताळच्या शुभेच्छा' एवढे पुरे. खाली आपले नाव लिहावे. कार्ड शक्यतो स्वतः नेऊन द्यावे. हातात देण्याचे धैर्य झाले नाही तर मुलांबरोबर पाठवावे. उत्तर येईल किंवा येणार नाही. वेदीकडे येण्याआधी भावाशी समेट करण्याविषयी प्रभूने सांगितले आहे, त्यातले पहिले पाऊल आपले असते, दुसऱ्याचे पाऊल आपल्या हाती नसते.

एखादे कार्ड उशिरा पोहोचले तर वाईट वाटून घेऊ नये. नाताळचा काळ २५ डिसेंबरला संपत नाही, सुरू होतो. तीन राजांच्या सणापर्यंत पोहोचलेले कार्ड वेळेवरच पोहोचले असे समजावे.

दोन कार्डे मात्र कोरी ठेवावीत. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर आवारात कोणीतरी एकटे उभे असलेले दिसते. त्याचे नाव विचारावे, तिथेच लिहावे आणि कार्ड हातात द्यावे.

सर्वांना आगमनकाळाच्या आणि येणाऱ्या नाताळच्या प्रेमपूर्वक शुभेच्छा!