शंका-समाधान : गटात बसून धीर येतो का?

शंका : मुलगा नववीत आहे, डिस्लेक्सियाचं निदान झालंय. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणतात, दर शनिवारी गट-समुपदेशनाला पाठवा. आमची झोप उडाली आहे. सगळीच अडलेली मुलं एकत्र बसली तर हा आणखी मागे नाही का पडणार? ‘ढ मुलांचा वर्ग’ असा शिक्का बसला तर?
— एक आई, सांगली

समाधान : डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता) आणि ढ असणं यांचा संबंध नाही, या मुलांची बुद्धी सर्वसाधारण असते, कधी त्याहून सरस. गट म्हणजे शिकवणीही नव्हे. साधारण एका वयाची सहा-आठ मुलं प्रशिक्षित समुपदेशकासोबत बसतात. एखादा सांगतो, “वाचायची पाळी जवळ आली की मी पाणी प्यायला जातो.” पलीकडून कुणी म्हणतं, “मी बाथरूमला!” सगळे हसतात, आणि आपण एकटेच नाही हे मुलाला पहिल्यांदा कळतं. मग ‘सर, आधी मनात वाचून घेऊ का?’ असं वर्गात कसं विचारायचं, याची ती एकमेकांपुढे तालीम करतात. असा धीर आई-वडिलांच्या समजावण्याने क्वचितच येतो.

वाचन मात्र गटाने सुधारत नाही. त्यासाठी उपचारात्मक अध्यापन (अडचण ओळखून अक्षर-ध्वनी नव्याने शिकवणं) चालूच ठेवा. गटातलं बोलणं बाहेर जाणार नाही ना, हे बाईंना विचारा. आणि वेळ खेळाच्या तासाची नको म्हणावं. मैदानावरून उठवून आणलेलं मूल मन मोकळं करत नाही! विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची चौकशी शाळेत आत्ताच करा.

शंका : मी दहावीत आहे. गटात माझी पाळी आली की हातपाय गार पडतात. मला मोठ्याने वाचायला लावतील का? नाही बोलले तर काढून टाकतील?
— एक विद्यार्थिनी

समाधान : नाही. ‘आज मी फक्त ऐकते’ असं म्हणायची मुभा चांगल्या गटात असते. सुरुवातीच्या भेटींत बरीच मुलं गप्पच असतात. बोलणं जड जात असेल तर समुपदेशकांना चिठ्ठी दे. शुद्धलेखनाची फिकीर नको. धडधड गटाबाहेरही होत असेल, झोप किंवा जेवण बिघडलं असेल, तर घरच्यांना सांग आणि त्यांच्यासोबत डॉक्टरांना भेट.

शंका : दोन महिने गटाला जाऊनही मुलगी खोलीबाहेर येत नाही. परवा म्हणाली, “मी नसते तर बरं झालं असतं.” नाटक करते का?
— एक वडील

समाधान : नाटक समजू नका. गटाची पुढची भेट येईपर्यंत थांबू नका. आजच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. तोवर तिला एकटं सोडू नका. जिवाचं काही करून घेण्याचा विचार मनात येतो का, असं शांतपणे, थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तिने स्वतःला इजा केली असेल किंवा तसा बेत बोलून दाखवला, तर थेट रुग्णालय गाठा. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.