कॅपखालची दाढ

"डॉक्टर, नस तर तेव्हाच काढली होती. मग दुखतंय कसं? आणि वर कॅप आहे, आत कीड जाणार कुठून?"

कडेतून. कॅपला कीड लागत नाही हे खरं, पण हिरडीपाशी ती संपते तिथे दात तुमचाच असतो. सिमेंट झिजतं, फट पडते, आणि नस नसल्यामुळे दात तक्रार न करता पोखरला जातो. ठणका लागतो तो मुळाच्या टोकाशी, हाडात पू साठल्यावर.

मागच्या महिन्यात एक काकू आल्या. कॅप आठ वर्षांची, वरच्या दाढेची. हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पुटकुळी दीड वर्षापासून. फुटली की तोंड खारट व्हायचं, ठणका थांबायचा. मग काय, काकू सुई गॅसवर तापवून ती स्वतःच फोडू लागल्या! लवंगतेलाच्या बोळ्याने हिरडी भाजून पांढरी पडलेली. शिवाय मेडिकलवाल्याने दिलेल्या अँटिबायोटिकच्या तीन-तीन गोळ्या, दर दोन महिन्यांनी. अहो, गोळी रक्तातून पोहोचते. नस काढलेल्या दाताच्या आत रक्त जातच नाही. सूज उतरते, मुक्काम तिथेच.

इतके दिवस का थांबलात, तर वरची दाढ काढली की नजर जाते म्हणून. नाही जात. चाळिशीनंतर चष्मा लागतो तो दाढ असो वा नसो.

पण काढायचीच, हे ठरवलं कोणी? एक्सरे काढावा लागतो, बऱ्याचदा कॅपही उतरवून बघावी लागते. हिरडीच्या वर दाताची निदान दोन मिलिमीटर भक्कम भिंत चहूबाजूंनी उरली असेल, तर नवी कॅप टिकण्याची आशा असते. मुळाला उभी चीर गेली असेल, तर वाचवण्यावर पैसे घालवू नका. हाड खचून दात डुगडुगत असेल तरीही बहुधा तेच. काकूंच्या दाढेत भिंती शाबूत होत्या. चौथा कॅनाल मात्र पहिल्या वेळी राहून गेला होता. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत तो सहज हुकतो, त्यात कुणाचा हलगर्जीपणा असेलच असं नाही. रूट कॅनाल पुन्हा केलं, दाढ राहिली. सहा महिन्यांनी पुन्हा एक्सरे. हाड भरतंय की नाही ते तेव्हाच कळेल. "काढून इम्प्लांटच लावा," असं फोनवर व्हिडिओ पाहून सांगणाऱ्या भाच्याला तेवढं कळवा.

घाबरायचं केव्हा? जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, ताप चढला, सुजेने डोळा मिटू लागला, तर सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. गालावर गरम शेक तर नकोच.

आणि दवाखान्यात याल तेव्हा चालू औषधांची पिशवी आणा. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, हाडांच्या ठिसूळपणासाठीचं इंजेक्शन, हे दाढेला हात लावण्याआधी सांगायचं असतं, नंतर नाही. रक्ताची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका.